१४ सेकंदांचा हिशेब

शाळा सुटण्याची वेळ होती. आमच्या वस्तीलगतच्या शाळेच्या फाटकाबाहेर चिंचा-बोरांची गाडी, तिच्यापुढे ओळीने उभ्या रिक्षा आणि रस्त्याच्या पलीकडे नातवाला न्यायला आलेली आजी, असे नेहमीचेच दृश्य होते. नातू दिसताच आजीने पलीकडूनच हाक मारली. पहिलीतले ते पोर दोन रिक्षांच्या फटीतून थेट रस्त्यावर धावले. त्याच क्षणी एक टेम्पो आला. करकचून ब्रेक लागला आणि टेम्पो हातभर अंतरावर थांबला. पोर वाचले.

लोक चालकाला खाली ओढायला धावले. आम्हीही धावलो. पाहतो तर आमच्याच मागच्या गल्लीतला तरुण. त्याची स्वतःची मुलगी त्याच शाळेत तिसरीला. घामाघूम होऊन म्हणाला, "दादा, पुढे हातगाडी होती म्हणून गाडी हळू होती. नाहीतर इथून मी रोज ५० ने जातो."

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. एका हातगाडीने पोराचा जीव वाचवला!

आम्ही पडलो कारकून. हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. २५ च्या वेगाने सुमारे ७ मीटर. समोर मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चांगल्या चालकाचाही साधारण एक सेकंद जातो. म्हणजे मूल १२ मीटरवर आडवे आले, तर ५० च्या वेगात ब्रेक लागण्यापूर्वीच धडक बसते. २५ ने चाललेली गाडी रस्ता कोरडा व ब्रेक चांगले असतील तर मुलाच्या अलीकडे थांबते. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यानंतरचे अंतर चौपट होते, हेही ध्यानात ठेवावे.

आता दुसरी बाजू. शाळेजवळचा २०० मीटरचा रस्ता ५० ने काढला तर १४ सेकंद लागतात, २५ ने २९ सेकंद. बचत किती? १४ सेकंद! तेवढ्यात चहाचा एक घोटही थंड होत नाही.

बंधूंनो, रिक्षा, टेम्पो, शाळेची व्हॅन चालवणारे हात आपल्याच घरांतले आहेत आणि पायी शाळेत जाणारी लेकरेही आपलीच. अपघात झाला तर एका घरचे लेकरू जाते आणि दुसऱ्या घरचा कमावता माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. चालक म्हणतात, "पोरेच मध्ये येतात." खरे आहे. पण लहान मुलाला येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज करता येत नाही. त्याची उंची एवढी की उभ्या रिक्षामागे ते दिसतच नाही. पोराची समज चालकाने धरायची असते. लाल त्रिकोणात मुलांचे चित्र असलेली पाटी दिसली की पाय ॲक्सिलरेटरवरून निघालाच पाहिजे. वेगमर्यादेचा आकडा लिहिलेला असेल तर तो पाळणे हा कायदा आहे, चालकाची मर्जी नव्हे.

आमची चूकही येथे कबूल करतो. ऑफिस गाठण्याच्या घाईत याच फाटकासमोर आम्ही स्कूटरचा हॉर्न वाजवत पोरांना बाजूला सारले आहे. शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची तरतूद २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे. शिवाय हॉर्नने पोर बिचकते आणि नेमके भलत्या बाजूला पळते.

आणखी एक. आठवी-नववीतल्या मुलाच्या हाती दुचाकी देऊन "आमचा बाळ्या गाडी चालवतो" असे कौतुक करणारे पालक आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा वाहनमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही. पोटापाण्यासाठी ज्याला उद्या गाडी चालवायची आहे, त्याची वाट आपणच का अडवावी?

माता-भगिनींनी एवढे जरूर करावे. मुलाला रस्त्यापलीकडून कधीही हाक मारू नये. आपण फाटकाशी जावे आणि हात धरून आणावे. रिक्षातून मूल नेहमी डाव्या बाजूने उतरवावे. चालकाच्या शेजारी मुले कोंबलेली दिसली तर, "भाऊ, माझे पोर नंतरच्या फेरीला येईल," असे सांगण्याचे धैर्य दाखवावे. आणि रिक्षावाल्या बंधूंनी फाटकासमोर रांग न लावता थोडे पुढे थांबावे, म्हणजे पोर चालकाला दिसेल.

तो टेम्पोवाला तरुण आता फाटकाजवळ आपोआप हळू होतो. आजीही रस्ता ओलांडून आत येऊन उभी राहते. कोणी सक्ती केली नाही. दोघांनी तो हातभर अंतराचा प्रसंग पाहिला होता. आपल्यावर तसा प्रसंग येण्याची वाट पाहू नये. रोजच्या खात्यातले ते १४ सेकंद लेकरांच्या नावे जमा करावेत, एवढीच विनंती.