भाकरी बंद झाली, आता पोट कशाने भरायचं?

रात्रीची भाकरी आणि भात बंद करून मला पाच महिने झाले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ७.९ आला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पीठ-भात कमी करा, प्रथिनं वाढवा." आणि पुढचा पेशंट आत बोलावला. भाकरी कुस्करून रस्सा ओरपण्यात ज्याची चाळीस वर्षं गेली त्याने मग नेमकं काय खायचं, हे कुणी सांगत नाही. म्हणून ही पोस्ट.

पहिल्या आठवड्यात काकडी, टोमॅटो आणि दोन उकडलेली अंडी खाल्ली. रात्री साडेअकराला फरसाणाच्या डब्यात हात गेला. डाएट मोडतं ते असं, भुकेने.

मग एक गोष्ट लक्षात आली. आपलं मटणाचं जेवण हे मुळात भाकरीचं जेवण असतं. अर्धा किलो मटण, खाणारी सहा माणसं. ताटात दोन पीस, वाटीभर रस्सा, तीन भाकऱ्या आणि वर भात. मटण नावाला! ६० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं जातात. तीन खाल्ल्या की १२० ग्रॅम. पण नुसती भाकरी काढून घेतली तर ताटात उरतं तिखट पाणी. त्याने कुणाचं पोट भरणार?

तेव्हा आधी स्वयंपाकाची रीत बदलावी लागते. मी काय करतो ते सांगतो.

चिकन शिजवतानाचं अळणी पाणी आधी वाटीभर प्यायचं, मिरपूड घालून. निम्मी भूक तिथेच शांत होते. चिकन सुकंच करायचं, तिखट कमी, आणि उतरवायच्या आधी त्यात फ्लॉवर किंवा कोबी ढकलायचा. बटाटा नाही. खिमा असेल तर त्यात मेथीची अख्खी जुडी. अंड्याची भुर्जी करताना तीन अंड्यांना दोन कांदे, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि मूठभर पालक. पाव नाही. सुकट स्वच्छ धुऊन वांग्यात किंवा दोडक्यात. सोबत काकडी-मुळ्याची कोशिंबीर, दही घालून. ताटात निम्म्याहून जास्त भाजी आणि तळव्याएवढं मांस, असा माझा हिशोब. सोमवार-गुरुवार घरात वार असतो, तेव्हा पनीर आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली पालेभाजी. रात्री फरसाणाचा डबा आता आठवत नाही.

एक चूक मात्र माझ्यासारखी करू नका. भाकरी बंद केली, पण गोळी तीच ठेवली. नवव्या दिवशी पहाटे घामाने अंथरूण भिजलं, हात थरथरायला लागले. साखर ५८! ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर पीठ कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या. किडनीचा त्रास असेल तर प्रथिनंही विचारूनच वाढवा. व्हॉट्सॲपवरचा डाएट चार्ट हे सांगत नाही.

आता मुद्द्याचं. हे सगळं मला परवडतं, म्हणून मी लिहितोय. आमच्याकडे मटणाने सातशेची पायरी कधीच ओलांडली, आणि चारजणांच्या घरात चिकनही रोज होत नाही. रेशनवर प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून फुकट. त्या धान्याने भूक भागली, ते हवंच, त्याला नावं ठेवणारा मी नाही. पण आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत. एकीकडे दवाखान्यात "धान्य कमी खा" आणि दुसरीकडे गरिबाच्या घरात स्वस्तात येतं ते फक्त धान्य. मजुरी करणाऱ्या बाईने हे कोडं कसं सोडवायचं?

आणि सुरुवात तर शाळेतच होते. शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं २०२३ च्या शेवटी. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबवला, लोकसहभागातून बघा म्हणाले. ज्या गावात शाळेचं छप्पर लोकवर्गणीतून दुरुस्त होतं, तिथे अंडं कोण देणार? एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. आज ते पोराच्या ताटातून काढायचं आणि चाळिशीत त्यालाच सांगायचं, "प्रथिनं वाढवा."

माझं म्हणणं एवढंच. डाएट हा फक्त मनाच्या निग्रहाचा विषय नाही, तो बाजारभावाचा आणि धोरणाचाही विषय आहे. रेशनवर धान्यासोबत नियमित डाळ द्या, शाळेतलं अंडं परत द्या. मग आम्हाला उपदेश करा.

आणि पुरुष मंडळींनो, डाएट तुमचं असेल तर कढईही तुम्हीच धरा. दिवसभर राबलेल्या बायकोला रात्री दोन स्वयंपाक करायला लावणं हे काही पथ्य नव्हे.

तुमच्या घरी भाकरीशिवाय पोटभर होणारं काय शिजतं? खाली लिहा. उद्या बाजार आहे.