गोचिडीला नाव कशाला हवं?

गाईच्या कानात नाहीतर कुत्र्याच्या मानेवर करड्या वाटाण्यासारखं काहीतरी घट्ट चिकटलेलं तुम्ही नक्की पाहिलं असेल. तीच ती गोचीड! रक्त पिऊन टम्म फुगलेली. पाठ न सोडणाऱ्या माणसाला आपण 'गोचिडीसारखा चिकटलाय' म्हणतो, ते काही उगीच नाही.

आता समजा मी तुम्हाला सांगितलं, की जगात काही माणसं आयुष्यभर गोचिडींचाच अभ्यास करतात. त्यांना भिंगाखाली धरतात, अंगावरचे काटे न्याहाळतात, प्रत्येक जातीला लांबलचक लॅटिन नाव देतात आणि ते सगळं छापूनही काढतात. तुम्ही म्हणाल, "यांना दुसरा काही उद्योग नाही का?" थांबा. आधी ही खरी गोष्ट ऐका, मग ठरवा.

त्याआधी एक कोडं. गोचीड हा कीटक आहे का? कीटकाला पाय सहा. मोठ्या गोचिडीचे मोजलेत तर आठ भरतील! म्हणजे ती कोळ्याच्या खानदानातली. भेंडी-वांग्याच्या पानांवर पडणारा लाल कोळी आणि खरूज करणारा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव ही तिची चुलत भावंडं. पण गंमत अशी, की अंड्यातून नुकत्याच निघालेल्या गोचिडीला पाय असतात सहाच. नंतर कात टाकली, की होतात आठ. म्हणजे नुसते पाय मोजून भागत नाही, वय पण विचारावं लागतं!

आता गोष्ट. साल १९५७. त्या वेळच्या म्हैसूर राज्यातला शिमोगा जिल्हा. तिथल्या क्यासनूर नावाच्या जंगलात माकडं मरून पडू लागली. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाची माकडं, दोन्ही. पाठोपाठ जंगलात लाकूडफाटा आणायला, गुरं चारायला जाणारी माणसंही आजारी पडू लागली. एकाएकी जोराचा ताप, भयंकर डोकेदुखी, अंग मोडून येणं, काहींना रक्तस्राव. काही जण दगावले.

ही बातमी पुण्याला व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये पोचली. १९५२ साली सुरू झालेली ही संस्था म्हणजेच आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था. तिचे संचालक होते डॉ. टेलफर्ड वर्क. माकडंही मरताहेत आणि माणसंही, हे ऐकून सगळ्यांच्या पोटात गोळाच आला. कारण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला पीतज्वर असाच माकडांत आणि माणसांत येतो. डास तो पसरवतात. भारतात तो कधीच आलेला नव्हता. आला असता तर? डास तर आपल्याकडे घरोघरी!

शास्त्रज्ञ जंगलात गेले, नमुने आणले, विषाणू वेगळा केला. तो पीतज्वराचा निघाला नाही. त्याचं नातं जुळलं थेट रशियातल्या एका विषाणूशी. तिकडे १९३७ साली लेव्ह झिल्बेर यांच्या तुकडीने अतिपूर्वेच्या थंड जंगलांत जाऊन मेंदूला सूज आणणाऱ्या एका तापाचा छडा लावला होता. तो ताप पसरवणारा प्राणी होता गोचीड! हे त्यांचं संशोधन छापलेलं होतं, म्हणूनच वीस वर्षांनी पुण्याच्या मंडळींना कळलं, की आता डासांच्या मागे न लागता जमिनीवर शोधायला हवं.

गोचिडी पकडायच्या कशा? एक पांढरं फडकं घ्यायचं आणि ते पालापाचोळ्यावरून, झुडपांवरून हळूहळू ओढत न्यायचं. पानाच्या टोकावर पुढचे पाय पसरून दबा धरून बसलेल्या गोचिडीला वाटतं, आलं जनावर! ती पटकन फडक्याला चिकटते. मग चिमट्याने उचलून बाटलीत टाकायची. बाटलीवर चिठ्ठी हवीच: ठिकाण, तारीख, कशावर सापडली. चिठ्ठी नसेल तर ती गोचीड शास्त्राच्या दृष्टीने कवडीमोल. हे काम धोक्याचं होतं बरं का! जंगलात आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या काही जणांनाही हा ताप आला.

अशा गोळा केलेल्या गोचिडींमध्ये तोच विषाणू सापडला. मुख्य गुन्हेगार ठरली हिमॅफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची जात. स्पिनिजेरा म्हणजे 'काटे धारण करणारी'. आता सांगा, हे नाव तिला कोणी दिलं होतं? फ्रान्समधल्या तुलूझ शहरातल्या पशुवैद्यक विद्यालयाचे प्राध्यापक नॉयमान यांनी, १८९७ साली! क्यासनूरच्या साठ वर्षं आधी. गोचिडींच्या जाती वेगवेगळ्या ओळखता याव्यात, एवढ्यासाठीच त्यांनी हिचं वर्णन छापून ठेवलं. तेव्हा त्यांनाही कोणी विचारलं असतं, "याचा उपयोग काय?" तर ते काय सांगणार होते?

नाव कशाला हवं, ते आता कळलं ना? जंगलात गोचिडींच्या कितीतरी जाती असतात. 'गोचिडीने रोग होतो' एवढ्याने भागत नाही. कोणत्या? ती कुठे राहते? कोणत्या महिन्यात चावते? नाव कळलं, की त्या नावाखाली जगभर कोणी काय लिहिलंय ते शोधता येतं.

पुण्याच्या शास्त्रज्ञांनीही आपलं काम कपाटात ठेवलं नाही. हॅरोल्ड ट्रॅपिडो, पी. के. राजगोपालन आणि सहकाऱ्यांनी गोचिडींत विषाणू मिळाल्याचा शोधनिबंध १९५९ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये छापला. शोधनिबंधात काय असतं? आम्ही काय केलं, कुठे, कसं, आणि काय दिसलं. म्हणजे दुसऱ्या कोणालाही ते पडताळून पाहता येतं. याच अभ्यासात गोचिडीची एक नवीच जातही मिळाली. १९६४ साली तिचं नाव छापलं गेलं हिमॅफायसॅलिस क्यासनूरेन्सिस. जंगलाचं नाव कायमचं गोचिडीला मिळालं!

आणखी एक शंका होती. स्थलांतर करणारे पक्षी थंड प्रदेशातून हा विषाणू घेऊन आले असतील का? ते तपासायला १९५९मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, आपले पक्षीवाले सालिम अली यांच्या पुढाकाराने, पक्ष्यांना पकडून पायात कडी घालायचा मोठा प्रकल्प सुरू केला. त्याला जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती. पक्ष्यांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही, पण त्यांच्या प्रवासाची मोलाची माहिती हाती आली.

ही गोष्ट १९५७मध्ये संपली असं मात्र समजू नका. हा ताप हळूहळू सह्याद्रीत इतरत्रही दिसू लागला. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात तो आला. तिकडे त्याला 'माकडताप' म्हणतात. पण या वेळी डॉक्टरांना अंधारात चाचपडावं लागलं नाही. माकडं मेली, की गोचिडी त्यांना सोडून खाली पडतात. माणसाला चावतात त्या मुख्यतः आठ पायांच्या, पण अजून लहान असलेल्या. आणि त्यांचा जोर साधारण डिसेंबर ते मे असतो, हे सगळं लिहून ठेवलेलं होतं. नेमके तेच काजूच्या हंगामाचे दिवस! म्हणून बागेत जाणाऱ्यांना वेळीच सावध करता आलं.

जंगलाजवळ राहणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. अंगभर कपडे घाला. पाचोळ्यावर बसू-लोळू नका. घरी आल्यावर आंघोळ करून अंग तपासा. गोचीड दिसलीच तर मोठ्यांना सांगून चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढून काढा, बोटांनी चिरडू नका. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा. आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना 'मी जंगलात गेलो होतो' हे आठवणीने सांगा.

आता तुमचं काम. एक वही घ्या. अंगणातला, परसातला किंवा गॅलरीतल्या कुंडीतला कोणताही एक छोटा जीव निवडा. मुंगी चालेल, कोळी चालेल. रोज पाच मिनिटं बघा आणि लिहा: तारीख, वेळ, ठिकाण, काय दिसलं. 'वाटलं' ते वेगळं लिहा आणि 'दिसलं' ते वेगळं. महिन्याने वही मित्राला द्या आणि त्याला तेच पाहता येतं का ते बघा. त्याला वेगळं काही दिसलं, तर भांडू नका. दोघं मिळून पुन्हा बघा.

नॉयमान आणि राजगोपालन यांनी तरी दुसरं काय केलं?