शाळा कशी लिहील?

परवा माझ्या भाच्याने 'क्रिएचर फ्रॉम द ब्लॅक लगून' हा १९५४ सालचा अमेरिकन चित्रपट लावून दिला. पाण्यातला तो प्राणी दिसला रे दिसला की तीन सुरांची एक आरोळी उठते. या वयातही दचकले! संगीत कोणाचे ते पाहावे म्हणून श्रेयनामावली पुन्हा लावायला सांगितली, तर संगीतकाराचे नावच नाही. नाव होते फक्त जोसेफ गर्शेन्सन यांचे, म्हणजे युनिव्हर्सल स्टुडिओच्या संगीत विभागाच्या प्रमुखांचे.

संगीत लिहिले होते प्रामुख्याने तिघांनी : हान्स साल्टर, हर्मन स्टाइन आणि हेन्री मॅन्सिनी.

भाचा म्हणाला, "मावशी, तेव्हा पद्धतच तशी होती. पगार मिळायचा ना त्यांना?"

मला या वाक्याचा मनापासून राग येतो. पगार दिला म्हणजे मेहनतीचे पैसे फिटले. पण हे कोणी केले, हे खरे सांगायचे राहिले त्याचे काय?

दुसरा बचावही ऐकला आहे. काम घाईचे, एका चित्रपटाला पाच-सहा हात, कोणाकोणाची नावे देणार? अहो, पण कोणता तुकडा कोणी लिहिला याची नोंद स्टुडिओच्या कागदपत्रांत असे! म्हणून तर आज ही नावे कळतात. कचेरीला सगळे ठाऊक होते, प्रेक्षकाला सांगायचे तेवढे नव्हते.

ऑस्करचीही तीच तऱ्हा. १९३७ च्या 'वन हंड्रेड मेन अँड अ गर्ल'ला संगीताचे ऑस्कर मिळाले, ते विभागप्रमुख चार्ल्स प्रेविन यांच्या नावे. १९३९ च्या 'स्टेजकोच'मध्ये पडद्यावर संगीताची पाच नावे, ऑस्कर मात्र चौघांना. लुई ग्रुनबर्ग राहिले बाजूला.

"गुणी माणूस पुढे येतोच" असेही कोणी म्हणेल. मॅन्सिनी आले. युनिव्हर्सलमधून बाहेर पडल्यावर 'पीटर गन' ही मालिका आणि १९६१ चा 'ब्रेकफास्ट अॅट टिफनीज' यांनी त्यांचे नाव जगभर झाले. पण ती आरोळी स्टाइन यांची. त्यांचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते? मी तरी नव्हते.

मला हे इतके का लागते तेही सांगते. शाळेत असताना स्नेहसंमेलनाची नाटुकली मी अकरा वर्षे लिहिली. पत्रिकेवर छापून येई, 'लेखन : शिक्षकवृंद'. एकदा सहावीतल्या एका मुलाने विचारले, "बाई, हे कोणी लिहिलंय?" मी म्हटले, "शाळेने." तो हसला. "शाळा कशी लिहील, बाई?"

उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही. विभाग तरी सूर कसे लिहील?

हल्ली श्रेयनामावलीत ड्रायव्हर आणि स्वयंपाकीही असतात. छान आहे. तरी मोठ्या संगीतकारांसाठी पडद्याआड लिहिणारे हात अजूनही पुष्कळदा अनामिकच राहतात. म्हणजे पद्धत 'तेव्हाची' नाहीच!

असो. भाच्याला सांगून ठेवले आहे, हा चित्रपट पुन्हा कोणाला दाखवशील तेव्हा आधी तीन नावे सांगायची. साल्टर, स्टाइन, मॅन्सिनी. मगच चित्रपट लावायचा.