पाणथरीचें माप

उदराच्या डाव्या अंगास, बरगड्यांच्या आड, प्लीहा नांवाचा अवयव आहे. आपल्याकडे तिला पाणथरी म्हणतात. चरकसंहितेंत वाढलेल्या प्लीहेस कांसवाची उपमा दिली आहे. उपमेनें रूप कळतें. परंतु वैद्यास परिमाणही हवें असतें.

पूर्वीं हें परिमाण बोटांनीं अजमावीत. 1847 च्या सुमारास यमुनेच्या कालव्यांकांठीं डॉ. डेम्प्स्टर यांनीं गांवोगांवच्या लोकांचीं पोटें चांचपून हिवतापाचा प्रादुर्भाव ठरविला. परंतु प्रौढाची पाणथरी हातास लागते, तोंवर ती बहुधा दुपटीएवढी वाढलेली असते.

आतां या कामीं संगणकाचें साहाय्य मिळतें. त्याची रीति गृहिणीस सहज समजेल. डहाणूच्या चिकूच्या सारख्या जाडीच्या चकत्या केल्या, प्रत्येकीचें क्षेत्रफळ जाडीनें गुणिलें व सर्व गुणाकारांची बेरीज केली, कीं चिकूचें घनफळ आलें. सी. टी. स्कॅनचें यंत्र शरीर न चिरतां अशाच चकत्यांचीं चित्रें देतें आणि संगणक प्रत्येक चित्रांत अवयवाची कड आंखतो. चकतीचें क्षेत्रफळ 40 चौरस सेंटिमीटर व जाडी अर्धा सेंटिमीटर असेल, तर तिचें घनफळ 20 घन सेंटिमीटर होतें. मात्र लगतच्या जठराची छटा मिळतीजुळती असल्यास यंत्र फसतें. म्हणून ती कड तज्ज्ञानें तपासलीच पाहिजे.

डहाणू-तलासरीकडे या मापास विशेष महत्त्व आहे. तेथील आदिवासी कुटुंबांत सिकल सेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यांत तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वांकून प्लीहेंत अडकतात. लहान मुलाच्या प्लीहेंत कधीं कधीं कांहीं तासांतच इतकें रक्त सांठतें, कीं प्राणावर बेततें. सी. टी. स्कॅनमधील क्ष-किरण मुलांस वारंवार देणें इष्ट नव्हे. म्हणून एरवीं सोनोग्राफीनें पाणथरीची लांबी मोजितात. शिवाय घरीं आईनेंच नियमानें पोट चांचपावें आणि पाणथरी एकाएकीं वाढली, मूल पांढरें पडलें, तर तत्काळ रुग्णालय गांठावें, असें तिला शिकविलें जातें.

कारण एकट्या आंकड्यावरून फारसा बोध होत नाहीं. कालच्या मापाशेजारीं आजचें ठेविलें म्हणजे वाढ कळते. आपल्या सुशिक्षित घरांत मात्र तपासणीचे जुने कागद रद्दींत जातात. तलासरीची माउली कालचें माप बोटांत जपते. आपण निदान ते कागद तारीखवार जपावे.