सर्वानुमते म्हणजे कुणाच्या मते?



मराठीतला सगळ्यात लबाड शब्द कोणता? ‘सर्वानुमते’. हा शब्द उच्चारला की समजा, कुणाचं तरी मत खाल्लं गेलं.

२०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या अमळनेरला, प्रताप कॉलेजच्या आवारात, सत्त्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष रवींद्र शोभणे. माणसाशी आपलं भांडण नाही, पण रीत बघा. हेच शोभणे बडोद्याच्या संमेलनासाठी २०१७ ला निवडणुकीत उभे होते. लक्ष्मीकांत देशमुखांकडून हरले. अमळनेरसाठी त्यांना लढावंच लागलं नाही. कारण २०१८ ला साहित्य महामंडळाने घटना बदलली आणि अध्यक्षपदाची निवडणूकच उडवली. आता संस्था नावं सुचवतात, महामंडळ बैठकीत बसतं, एक नाव बाहेर येतं. आपण टाळ्या वाजवायच्या.

म्हणे निवडणुकीत घाण होती. होतीच. मतदार हजाराच्या आसपास, तेही संस्थांनी ठरवून दिलेले. थोर लेखक मतांसाठी दारोदार फिरायला तयार नव्हते. मान्य. पण विहिरीचं पाणी गढूळ झालं तर विहीर उपसतात की बुजवतात? हजाराचे लाख करायचे होते. गावोगावच्या वाचनालयातल्या वाचकाला मत द्यायचं होतं. यांनी हजाराचं एक टेबल केलं.

कुणी म्हणेल, अरुणा ढेरे, तारा भवाळकर याच रीतीने अध्यक्ष झाल्या. झाल्या, आनंद आहे. पण देणाऱ्याची मर्जी आज चांगली, उद्याचं काय? १९८४ ला याच जळगावात तराळाचा पोरगा, शंकरराव खरात, संमेलनाच्या खुर्चीवर बसला. तेव्हा निवडणूक होती. आणि निवडणूक असतानाही बाबुराव बागूल, नामदेव ढसाळ त्या खुर्चीपर्यंत पोचले नाहीत, हेही खरं. मतदारयादीत आपला माणूस होता किती? दुखणं यादीत होतं. यांनी मतच कापलं.

बाबासाहेब १९२७ ला मुंबईच्या कायदेमंडळात सरकारनियुक्त सभासद म्हणून गेले. नेमणूक काय चीज असते ते त्यांनी आतून बघितलं. आणि १९२८ ला सायमन कमिशनपुढे मागितलं काय? नेमणूक नको. राखीव जागा आणि प्रत्येक प्रौढाला मत द्या. स्वतः नेमलेला माणूस नेमणुकीविरुद्ध उभा राहिला. याला म्हणतात चळवळ.

आता आपल्या घरात या. महामंडळाला शिव्या देणं सोपं आहे. जळगाव, धुळे, कुठल्याही वस्तीत जा. जयंती समिती, विहार समिती, युवक मंडळ. मी डाळ मिलमध्ये पोती उचलतो. हप्त्याच्या पगारातून वर्गणीची पावती फाडतो. सभेला घामेजल्या अंगाने जातो, तर नाव आधीच ठरलेलं. विचारलं तर उत्तर मिळतं, ‘ठरलं ना भो, आता कशाला वाद? समाजात फूट पडेल.’ हार तयार, गुलाल तयार. वर्गणी देणाऱ्या बाया मागे चहा गाळतात. झाली निवड, सर्वानुमते!

२५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी घटना समितीत सांगितलं की ठराव, गणसंख्या, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळं भिक्खू संघाला ठाऊक होतं. संघात मोठ्या कामाचा ठराव तीनदा विचारत, मगच गप्प बसण्याला संमती मानत. आपण बुद्धाचं नाव घेतो आणि एकदाही विचारत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. ज्याची पावती, त्याचं मत, बाई असो की गडी. मतदारांची यादी पंधरा दिवस आधी विहाराच्या भिंतीवर. नाव कुणीही सुचवावं, दुसऱ्याने अनुमोदन द्यावं, उभं राहणाऱ्याने लेखी हो म्हणावं. चिठ्ठी पेटीत, मोजणी सगळ्यांसमोर. आणि जुन्या कार्यकारिणीने पै-पैचा हिशेब वाचल्याशिवाय तिच्यातला कुणी परत उभा राहणार नाही.

फुटीची भीती घालतात त्यांना सांगा, दोन मतं मोजल्याने समाज फुटत नाही. मत गिळलेला पोरगा मुकाट्याने घरी जातो, परत येत नाही. चळवळ तिथे फुटते.

पुढच्या सभेत कुणी ‘सर्वानुमते’ म्हणालं की उठून उभे राहा आणि एवढंच विचारा : मोजलं कुणी?