जतन इंजिनाचे की विद्येचे?

17 सप्टेंबर 2025 रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड ते अहिल्यानगर ही रेल्वे सुरू झाली. परळीकडचा आणि आष्टीकडचा पट्टा वगळता आमच्या जिल्ह्याला तोवर आगगाडी ही ऐकीव गोष्ट होती. शिरूर कासार तालुक्यातील रायमोह्याला तिची शिटी ऐकू आली ती अगदी अलीकडे. आमच्या विद्यार्थ्यांची आगगाडीशी ओळख झाली ती थेट डिझेलच्या युगात. वाफेचे इंजिन त्यांना भेटते ते सहलीत, नेरळ स्थानकात, रंगरंगोटी करून उभे केलेले. ते त्याला पाहतात, छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. एवढ्याने जतनाचा हेतू साधला, असे म्हणता येईल काय?

नेरळचे ते 738 क्रमांकाचे इंजिन साधे नव्हे. सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने सुमारे 16 लाख रुपये खर्चून 1904 ते 1907 या काळात नेरळ-माथेरान हा दोन फुटी मार्ग बांधला. अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी त्याची धुरा वाहिली. सुमारे 20 किलोमीटरच्या या मार्गावर काही ठिकाणी वीस फुटांस एक फूट असा चढ आहे आणि वळणे तर कमालीची आवळ. अशा वाटेसाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्याने सहा चाकांची चार टँक इंजिने घडविली.

टँक इंजिनाला पाण्याकोळशाचे वेगळे टेंडर नसते. पाणी बॉयलरच्या दोन्ही बाजूंच्या टाक्यांत आणि कोळसा इंजिनावरच ठेवलेला असतो. त्यामुळे पाण्याचे वजन ओढणाऱ्या चाकांवर पडते, रुळांवरील पकड वाढते आणि इंजिन न फिरविता दोन्ही दिशांना चालविता येते. तोटा एकच, पाणी लवकर संपते. माथेरानच्या वाटेवरील ‘वॉटर पाइप’ हे स्थानकाचे नाव त्या तहानेचीच आठवण आहे. सरळ आसांवर घट्ट बसविलेली चाके आवळ वळणावर अडतील, म्हणून क्लीन-लिंडनर पद्धतीने पहिला आणि शेवटचा आस पोकळ नळीत बसविला व चाकांना किंचित आडवे सरकण्याची मुभा दिली. ‘झुकझुक’ हा आवाजही निरर्थक नव्हे. दट्ट्या ढकलून झालेली वाफ धुरांड्यातून वेगाने बाहेर पडते, जाताना भट्टीतील धूर ओढून नेते आणि विस्तवाला ताजी हवा मिळवून देते. इंजिनावरचा भार वाढला की विस्तवही आपोआप फुलतो.

या मार्गावरील वाफेचे युग 1980 च्या दशकाच्या प्रारंभी संपले. चारांपैकी 741 क्रमांकाचे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, तर 740 क्रमांकाचे इंग्लंडला गेले. लोखंड वाचले, हे खरेच. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता लोखंडाचे मोल भंगाराइतकेच असते. इंजिनाचे खरे भांडवल माणसांत होते. बॉयलरच्या नळ्या बदलणारा फिटर, विस्तव राखणारा फायरमन, चढाचा अंदाज घेऊन वाफ सोडणारा ड्रायव्हर, या माणसांचे ज्ञान हातांत असते, पुस्तकात नसते. ती पिढी आता थकली आहे. रंग दर पाच वर्षांनी देता येतो. विसरलेली विद्या मात्र पैसे मोजूनही परत मिळत नाही.

‘ज्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो हात ऊसतोडीला जातात, तेथील माणसाने जुन्या इंजिनाची चिंता का करावी?’ असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. उत्तरही त्या ऊसातच आहे. आमच्या मजुरांनी तोडलेल्या ऊसाचा चोथा साखर कारखान्यांच्या भट्ट्यांत जळतो, वाफ करतो आणि चरक फिरवितो. बॉयलर सांभाळणाऱ्याला आजही शासनाची परीक्षा द्यावी लागते. वाफेची विद्या महाराष्ट्रात मेलेली नाही. ती इंजिनापासून तुटली आहे एवढेच. मजुराच्या मुलाला ऊस तोडण्यापलीकडचा मार्ग दाखविणारी विद्या म्हणूनही तिच्याकडे पाहता येईल.

हे अशक्य नाही. दार्जिलिंगच्या रेल्वेत वाफेची टँक इंजिने आजही गाड्या ओढतात. रेवाडीच्या 1893 मधील शेडमध्ये जुनी इंजिने चालत्या स्थितीत राखली आहेत. वेल्समधील टॅलिलिन रेल्वे तर 1951 पासून हौशी स्वयंसेवकांनी चालविली. मग औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील दहा-बारा मुलांना रेवाडी किंवा दार्जिलिंगला पाठविणे, नेरळला छेद दाखविणारा बॉयलर ठेवणे आणि शक्य झाल्यास वर्षातून काही दिवस एक इंजिन वाफेवर चालविणे, एवढे का होऊ नये? तिकिटांतून हा खर्च भरून निघणार नाही. परंतु ग्रंथालयाचा खर्च तरी वाचकांच्या वर्गणीतून कोठे निघतो? असा खर्च समाजाने समजून उमजून करायचा असतो.

इंजिन उभे करून ठेवणे सोपे आहे. ते कसे चालत होते हे सांगणारा माणूस त्याच्याशेजारी उभा असणे, याला जतन म्हणावे.