जीवसृष्टीचे नवल : एका रात्रीची शिल्लक

पेरू हा देश उष्ण कटिबंधात येतो. तरीही तेथील अँडीज पर्वतावर, ३८०० मीटर उंचीवरील रात्र कडाक्याच्या थंडीची असते. या उंचीवर ‘ब्लॅक मेटलटेल’ नावाचा काळा हमिंगबर्ड राहतो. वजन अवघे पाच-सहा ग्रॅम. शेपटीला धातूसारखी झळाळी, म्हणून हे नाव. आपल्याकडील शिंजीर पक्षी हमिंगबर्डसारखा भासतो, परंतु दोघांची कुळे भिन्न आहेत. हमिंगबर्ड केवळ अमेरिका खंडांतच आढळतात.

या जीवाचा दिवस म्हणजे अखंड खर्च. फुलासमोर हवेत स्थिर राहण्यासाठी पंख अतिवेगाने हलवावे लागतात. फुलांतील मधुरस व बारीक कीटक ही त्याची मिळकत. चिमुकल्या देहातील ऊब झपाट्याने निघून जाते आणि साठवणीस जागा थोडी. सूर्य मावळताच मिळकत थांबते, खर्च मात्र चालूच राहतो. पहाटेपर्यंत शिल्लक पुरली नाही, तर मृत्यू अटळ.

म्हणून तो खर्च आवरतो. रात्री तो गाढ जडावस्थेत जातो. हृदयाचे ठोके मंदावतात, हालचाल थांबते. दिवसा सुमारे ४० अंश सेल्सिअस असलेले देहाचे तापमान घसरत जाते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या जातीच्या एका पक्ष्याचे तापमान ३.३ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद आहे. ज्या पक्ष्यांनी या अवस्थेत अधिक काळ काढला, त्यांचे वजन रात्रीत कमी घटले.

यात जोखीमही आहे. जडावलेल्या पक्ष्याला शत्रूपासून पळता येत नाही. शिवाय पहाटे स्नायू थरथरवून देह पुन्हा तापवावा लागतो. तेवढे इंधन राखलेले असावेच लागते.

सूर्यास्तानंतर हा जीवही अन्न घेत नाही. पण ती त्याची परवशता आहे. परवशतेने सोसलेल्या क्षुधेला शास्त्रकार अकाम निर्जरा म्हणतात, तर समजून-उमजून केलेल्या तपाने सकाम निर्जरा घडते. चौविहाराचे पच्चक्खाण घेणाऱ्या श्रावकाच्या घरात धान्य भरलेले असते, चूलही हाताशी असते. तरीही तो थांबतो. अँडीजमधील त्या पंचेंद्रिय जीवाला जी निवड लाभली नाही, ती मनुष्यभवात लाभली आहे. दिवसाचा रोजमेळ मिटताना या शिल्लकेचीही नोंद व्हावी.